चार नंबरचा बोया

दसरा उलटला, दिग्रसच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची पहिली रांग लागली, की माझं मन कशातच लागेनासं होतं. ऊन चढलेलं असतं. विजेच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना, एसटीच्या खिडक्यांच्या गजांना पांढरे पुंजके अडकलेले असतात. बाबांच्या दुकानात वार्निशचा वास कोंदलेला असतो, कारण याच दिवसांत जिनिंगच्या मोटरी जळून येतात आणि विहिरींवरचे पंपही. गावात सगळ्यांच्या हाताला काम असतं. आणि मी इथे चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली असूनही दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून समुद्राकडे बघत असते.

समुद्र इथून फार लांब. दिग्रसहून निघालं तर एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. माझी नोकरी गावात कोणाला नीट समजत नाही. आत्या दरवेळी विचारते, "तू समुद्रात लाइट लावतं म्हणे? तिथं कोण पाह्यते?" मी हसते. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी लहानसं बंदर आहे. मासेमारीच्या होड्या, पलीकडच्या गावाला जाणारी प्रवाशांची लाँच आणि अधूनमधून सिमेंटच्या नाहीतर खडीच्या बार्जी, एवढीच वाहतूक. या सगळ्यांना आत यायची वाट दाखवायला पाण्यावर सात लोखंडी पिंपं तरंगतात. कोळी त्यांना बोये म्हणतात. प्रत्येक बोयाच्या बुडाला जाड साखळी, साखळीच्या टोकाला तळाशी टेकलेला सिमेंटचा ठोकळा आणि डोक्यावर लुकलुकणारा दिवा. समुद्रातून आत येताना लाल बोया डावीकडे ठेवायचा, हिरवा उजवीकडे. त्या दोघांमधलं पाणी खोल. बाहेर गेलात तर वाळू.

हे सात बोये सांभाळणं हे माझं काम. पावसाळ्याआधी त्यांना उचलून धक्क्यावर आणायचं, कारण त्या लाटांत साखळी टिकत नाही. मग खरवडायचं. बुडाला शिंपले आणि शेवाळ असं घट्ट बसलेलं असतं की लोखंड दिसत नाही, आणि उन्हात त्याला जो वास सुटतो तो आंघोळ केली तरी दोन दिवस केसांत राहतो. मग रंग, नवीन कड्या, दिव्याची तपासणी. आणि पाऊस ओसरला, दर्या शांत झाला, की एकेक बोया आपल्या जागी परत सोडायचा. तेव्हा इकडे कपाशी फुटत असते. माझे दोन्ही हंगाम एकाच वेळी येतात.

विजेचं काम मी बाबांकडून शिकले. शाळेतून आले की दुकानात बसायची आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची. वेढा चुकला की बाबा रागवायचे नाहीत, पुरी तार उलगडून परत हातात द्यायचे. "पुन्हा कर. मोटर बोलत नाही म्हणून तिले फसवाचं नाही," असं म्हणायचे. पुढे यवतमाळला शिकले, आणि एक जाहिरात बघून, समुद्र कधीही न पाहिलेली मी, समुद्राच्या नोकरीला गेले.

पहिल्या दिवशी मला धक्क्यावर लतीफचाचा भेटले. बंदराच्या लाँचचे तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे. उंच, वाळलेले, पांढरी दाढी. माझं गाव विचारलं. मी दिग्रस सांगितलं. "तिथे नदी तरी आहे का?" म्हणाले. मी म्हटलं, "धावंडा आहे." त्यांनी मान हलवली, जणू परीक्षेत काठावर पास केलं, आणि मला लाँचमध्ये घेतलं. बोया सोडायची जागा ते यंत्राशिवाय सांगायचे. मशिदीचा मिनार आणि वळणावरचा उंच माड एका ओळीत आला की बोट थांबवायची. मी यंत्रात आकडे बघायची, तर बोया बरोबर तिथेच पडलेला असायचा. संध्याकाळी दिवे लागले की चाचा लाँच काढून एक फेरी मारत. कोणता दिवा लागला, कोणता नाही, हे डोळ्यांनी बघून वहीत लिहीत.

चार वर्षांपूर्वी ती वही बंद झाली. नवीन दिवे आले. डोक्यावर सौर पट्टी, आत एलईडी, आणि आणखी आत एक सिमकार्ड. दिवा लागला का, बॅटरी किती आहे, बोया नेमका कुठे आहे, हे सगळं दर अर्ध्या तासाला कार्यालयाच्या पडद्यावर आणि माझ्या मोबाइलवर. प्रत्येक बोयाभोवती नकाशात एक वर्तुळ आखायचं. बोया वर्तुळाबाहेर गेला तर घंटी वाजते. मच्छीमारांच्या बैठकीत हे मीच समजावून सांगितलं. मी म्हणाले, आता बोया हलला तर तुमच्याआधी आम्हाला कळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांची रोजची फेरी आठवड्यातून एकदा झाली. ते मला म्हणाले, "चांगलं झालं बाय. माझे डोळे आता म्हातारे झाले." मला तेव्हा त्यात काही दुखलेलं ऐकू आलं नाही. मी खुशीत होते. दिग्रसची पोरगी, आणि सात दिवे माझ्या खिशात.

घंटी मात्र उगाच वाजायची. ओहोटीला पाणी उतरलं की साखळी सैल पडते आणि बोया लांबवर झोके घेतो. झोका वर्तुळाला शिवला की घंटी. एका रविवारी ओहोटीत ती दहा-बारा वेळा वाजली असेल. मी कपडे वाळत घालत होते. ओल्या हातांनी मोबाइल उचलला आणि सगळ्यात जास्त वाजणाऱ्या चार नंबरचं वर्तुळ मोठं केलं. बरंच मोठं. नीट मोजून बघू, म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात दसरा होता आणि मी दिग्रसला आले.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. दीक्षाभूमीहून परतलेली माणसं घरोघर झोपलेली. मी बाबांच्या दुकानात स्टुलावर बसले होते. बाबा एका जळक्या मोटरचं वायंडिंग उपसत होते. मी सवयीने मोबाइल उघडला. सातही दिव्यांपुढे हिरवी खूण. मग काही कारण नसताना मी चार नंबरचा दिवसभराचा माग उघडला. पाण्यात बांधलेला बोया दिवसभरात नकाशावर ठिपक्यांचा एक विस्कटलेला घोळका काढतो, कारण भरतीला तो एका बाजूला ओढला जातो आणि ओहोटीला दुसऱ्या. चार नंबरचा घोळका नव्हता. सकाळपासून एकच ठिपका, एकावर एक बसलेला.

"काहून अशी करून राह्यली?" बाबा म्हणाले. "चहा थंडा झाला तुया."

"बाबा, हा ठिपका हलून नाही राह्यला."

"मंग चांगलं हाय ना. जागेवर आहे."

"नाही बाबा. तो हलाले पाह्यजे. सकाळपासून हलला नाही म्हणजे तो पाण्यात नाही. वाळूवर टेकला."

बाबांचा पकड धरलेला हात थांबला. मी ठिपका मोठा करून बघितला. बोया आपल्या जागेवरून डावीकडे सरकला होता, थेट वाळूच्या दांड्यावर. साखळी कुठेतरी तुटली असणार. तरी घंटी वाजली नव्हती, कारण तो दांडा माझ्या नव्या वर्तुळाच्या आत होता.

दिवा विझला असता तर इतकी भीती वाटली नसती. दिवा दिसला नाही की माणूस सावध होतो, वेग कमी करतो, माड शोधतो. हा दिवा लागणार होता. लाल, नेहमीसारखा लुकलुकणार होता. आणि दोन दिवसांच्या मासेमारीवरून दमून परतणारा प्रत्येक जण त्याला इमानाने डावीकडे ठेवून वाळूवर चढणार होता.

दिग्रसला सूर्य बुडत होता. तिथे पश्चिमेला अजून वीसेक मिनिटं उजेड असेल, हा हिशेब मी रस्त्यावर येऊन, आकाशाकडे बघत केला. कार्यालयात फोन लावला. ड्युटीवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, माझ्यासमोर पडदा आहे. सगळं हिरवं आहे. तुम्ही सुट्टीवर आहात ना? आराम करा." मी म्हटलं, कोणाला तरी पाठवा. ते म्हणाले, बघतो. त्यांचा 'बघतो' मला माहीत होता.

मग लतीफचाचांना. फोन तीनदा वाजून बंद झाला. जिनिंगपुढे गाड्यांचे बैल एकमेकांत अडकले होते, गाडीवाले ओरडत होते. मी कानात बोट घालून चौथ्यांदा लावला.

"चाचा, धक्क्यावर जा. चार नंबर माडाच्या ओळीत आहे का बघा."

चपला वाजल्या, कुत्रं भुंकलं, वारा फोनमध्ये घुसला. मग त्यांचा श्वास. "बाय, दिवा आत्ताच लागला. माडाच्या खूप डावीकडे आहे. हा तर दांड्यावर चढलाय." आणि लगेच, "एक होडी वळणाला लागली. मी जातो." फोन कटला.

पुढचा पाऊण तास मी दुकानासमोरच्या रस्त्यावर चालत होते. बाबा शटर अर्धं ओढून उंबऱ्यावर बसले. मला बस म्हणाले नाहीत. मी मोबाइल उघडत होते आणि तो मला सांगत होता: दिवा चालू, बॅटरी पूर्ण, जागा ठीक. जागा ठीक. कोणीतरी तोंडावर खोटं बोलतंय आणि ते खोटं आपणच त्याला शिकवलंय, असं ते वाटणं होतं.

पहिल्या होडीला चाचा गाठू शकले नाहीत. ती पूर्ण वेगात वाळूवर आदळली. पुढच्या टोकावर, कोळी त्याला नाळ म्हणतात, तिथे समोर बघून वाट सांगायला बसलेला हरेश्वर नावाचा खलाशी उडाला आणि जाळं ओढायच्या लोखंडी रहाटावर पडला. उजवा हात कोपराखाली मोडला. होडीचं सुकाणूही तुटलं. चाचांनी मग स्वतःची होडी खोल पाण्याच्या कडेला, जिथे बोया असायला हवा होता तिथे नांगरून ठेवली आणि कंदील हलवत, ओरडत उभे राहिले. मागून आलेल्या सगळ्या होड्या आणि शेवटची प्रवासी लाँच त्यांना डावीकडे ठेवून आत आल्या. माणूस कोणी गेलं नाही. त्यांनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. गाडीत ठरवलं होतं, जाऊन सगळं सांगायचं.

आणि गेल्यावर कोणी विचारलंच नाही. साखळीची एक जुनी कडी झिजून तुटली होती, हे कारण सगळ्यांना पुरलं. घंटी का वाजली नाही, याचा रकाना अहवालात होता. मी लिहिलं, "बोयाची जागा नोंदीनुसार मर्यादेच्या आत होती." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मर्यादा मीच वाढवली होती, एवढंच लिहिलं नाही. सहीच्या आधी पेन थांबलं होतं, ते आठवतं. मग सही केली. लांब गावी सुट्टीवर असताना लक्ष ठेवल्याबद्दल बैठकीत माझं कौतुक झालं.

लतीफचाचा धक्क्यावर वाट बघत होते. "बाय, मर्यादेत होता असं लिहिलंय म्हणे? मी बघितला ना. दांड्यावर चढला होता."

"मशीन तसंच सांगतंय चाचा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दांड्याकडे. "मशीन सांगतंय म्हणजे असेल," म्हणाले, आणि डोळे चोळत निघून गेले.

त्या रात्री मी वर्तुळ लहान केलं. पुढच्या महिन्यात कार्यालयाला लिहून संध्याकाळची फेरी परत सुरू करवली. घंटी वाजली की दरवेळी उठते, कितीही वेळा वाजली तरी. काम माझ्याकडून चोख होतं. पण ऑक्टोबर आला की रात्री उठून चार नंबरचा माग उघडून बघते. बोये पाण्यात सोडताना चाचा मिनार आणि माड बघतात, आणि हल्ली मग वळून मला विचारतात, "बरोबर आहे ना गं?" आधी कधी विचारत नसत. मी हो म्हणते आणि त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळते. मधल्या पावसाळ्यांमध्ये मी सात बोये किती वेळा खरवडले, रंगवले, नवीन कड्या घातल्या. अहवालातलं ते एक वाक्य तेवढं तसंच राहिलं.

यंदाच्या सुट्टीत बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. यवतमाळहून परतलो, एसटीत बाबा काळा चष्मा लावून खिडकीला टेकले होते. घरी दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे. काल सकाळी थेंब घालताना माझी नजर मोबाइलकडे गेली. थेंब गालावर पडला.

"काय झालं तुले?" बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "आल्यापासून पाहून राह्यलो. जेवत नाही, बसत नाही. कोणाचं काय बिघडलं?"

त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून मला सांगता आलं असेल. सगळं सांगितलं. वाळत घातलेल्या कपड्यांपासून सहीपर्यंत.

"मले कायले सांगतं?" शेवटी म्हणाले. "माह्या हात मोडला का? ज्याचा मोडला त्याले सांग."

"नोकरी जाईल बाबा, कदाचित."

"जाईल तर जाईल. मी वायंडिंग शिकवलं हाय तुले." मग हळू आवाजात: "थेंब घाल. दुसरा डोळा राह्यला."

मी आधी कार्यालयाला पत्र लिहिलं. वर्तुळ मी वाढवलं, कधी वाढवलं, अहवालात काय लिहिलं नाही. पाठवलं. त्याचं उत्तर अजून यायचंय. मग लतीफचाचांना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं. "म्हणजे मी बरोबर बघितलं होतं," एवढंच म्हणाले. मी माफी मागायला लागले, तर मध्येच तोडलं. "माझ्याशी मग बोल. आधी हरेश्वरला फोन कर. नंबर घे."

नंबर लिहून घेतला आणि दिवसभर नुसता बघत राहिले. आज दुपारी दुकान उघडलं. बाबांना अजून काम करायची परवानगी नाही, पण दुकानात बसायचं असतं. त्यांना खुर्चीत बसवून मी फोन लावला.

"कोण?" मागे कुठेतरी बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"मी करुणा बोलतेय. बंदरातली, दिव्यांची."

"हां मॅडम, बोला. दिवा बंद आहे काय?"

"नाही. तुमचा हात मोडला, त्या दिवसाचं बोलायचं आहे."

मी सांगितलं. बोया तुम्ही आदळायच्या कितीतरी तास आधी दांड्यावर गेला होता. तो मर्यादेत नव्हता, मर्यादाच मी चुकीची ठेवली होती. अहवालात हे लिहिलं नाही, तेही मीच. बोलून झालं. मी शिव्यांची वाट बघत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "हात बरा झाला तो. हाताचं काय नाय. त्या दिवशी होडी माझा दादा चालवत होता, त्याला मीच बोललो होतो. लाल दिसतोय, डावीकडे ठेव, चल बिनधास्त. मग कागद आला की बोया मर्यादेत होता. म्हणजे मग माझीच नजर चुकली. दादा तोंडाने काही बोलला नाही. पण पुढच्या सीझनला नाळेवर दुसऱ्याला बसवला. मी तेव्हापासून मागे, जाळ्यावर असतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पण दोनदा जाऊन आलो. तो बोलला काही दोष नाय. मी बोललो, परत तपासा."

मी एवढी वर्षं मोडलेल्या हाताचा विचार करत होते.

"तुमची नजर चुकली नव्हती," मी म्हटलं. "दिवा जिथे होता तिथेच तुम्ही बघितला. दिवा चुकीच्या जागी होता. तुम्ही बरोबर सांगितलंत."

बर्फ फोडायचा आवाज चालूच होता. त्याने कोणाला तरी हाक मारली, मग परत फोनवर आला.

"थांबा मॅडम. दादा इथेच आहे, होडीत बर्फ भरतोय. फोन मोठ्यावर टाकतो. आता बोललात ते परत एकदा बोला. सगळं नको. नजरेचं तेवढं."

मी स्टुलावरून उठले. बाबांनी काळ्या चष्म्याआडून मान वर केली. मी परत बोलले, आधीपेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे बर्फाच्या आवाजातूनही त्याच्या दादाला ऐकू जावं.